बढतीची वाट: कारखान्यातल्या नव्या एचआरला सल्ला

प्रशिक्षणाचं कॅलेंडर आखण्याआधी स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोणाला कोणतं मशीन किती येतं याचा तक्ता, भरा. आडव्या ओळीत माणसं, उभ्या रकान्यात मशीन; चौकटीत १ ते ४: बघतो, देखरेखीखाली करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. आकडा अंदाजाने टाकू नका, सेटिंग करून दाखवल्यावरच टाका.

खरी गोची पुढे आहे. सीएनसीवरचा (संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या मशीनवरचा) सर्वांत तरबेज ऑपरेटर वर्षानुवर्षं तिथेच अडकतो, कारण तो हलला तर उत्पादन पडेल अशी सुपरवायझरला धास्ती. म्हणून प्रत्येक मशीनला किमान तिघं जण ३ च्या पातळीवर आणा आणि माणसं घडवणं हे सुपरवायझरच्याच मूल्यमापनात घाला. हे झालं नाही तर बाकी योजना कागदावरच राहतात.

दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. फी कंपनीने भरावीच, पण पाळीही सांभाळा: दर आठवड्याला पाळी बदलली की हुशार मुलंही वर्ग सोडतात. डिप्लोमानंतर कोणतं पद मिळेल, हे आधीच लेखी द्या. नुसत्या बाँडने, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराने, माणूस टिकत नाही.

करिअरची चर्चा पगारवाढीच्या बैठकीत नको, तिथे माणूस उणिवा झाकतो. दर सहा महिन्यांनी वेगळा अर्धा तास द्या.