दवाखान्याच्या काउंटरवर पहिल्यांदा बसताना

सांगलीतल्या दवाखान्यात शिकाऊ म्हणून काउंटरवर बसल्यावर केसपेपर काढणे आणि फोन घेणे ही कामे तुम्ही आठवड्याभरात शिकाल; खरी कसोटी नंबर सांभाळण्यात आहे. छातीत दुखते म्हणणारा, घामाघूम झालेला माणूस समोर आला, तर त्याचा नंबर कितवा हे न पाहता ताबडतोब डॉक्टरांना कळवावे आणि बाकीच्यांना कारण शांतपणे सांगावे. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत अशाच एका आजोबांना मी बाकावर बसवून ठेवले होते. कंपाउंडरचे वेळीच लक्ष गेले म्हणून निभावले, पण ती चूक मला आजही बोचते. दिवसाला चार-चार पाटील येतात, त्यामुळे पूर्ण नाव, वय आणि गाव विचारल्याशिवाय जुना केसपेपर काढू नये. मिरजेच्या बाजूला सीमाभागातून कन्नड बोलणारे रुग्णही येतात. त्यांना ‘बर्री, कूड्री’ (या, बसा) एवढे म्हटले तरी त्यांचा चेहरा खुलतो. रिपोर्टमध्ये काय आले आहे, हे काउंटरवर मोठ्याने कधीही बोलू नये, कारण मागच्या बाकावर बहुधा त्या रुग्णाचेच गाववाले बसलेले असतात.