अडलेली कोंबडी आणि उतावळे हात

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्याकडच्या पाच कोंबड्यांपैकी ठिपकी आठ महिन्यांची आहे. महिन्यापूर्वी अंडी घालू लागली. परवापासून अंडं नाही. आज सकाळपासून खोक्यात जाते, पाच मिनिटांत बाहेर येते, शेपटी खाली टाकून ताठ उभी राहते आणि कुंथते. दाण्याला चोच लावत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, खुडूक झाली असेल, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहत असेल. त्यांचे दीर म्हणतात, अंडं अडलंय, पोट दाबून काढा. कोणाचं ऐकू?

उत्तर : दिरांचं निदान बरोबर, उपाय मात्र जीवघेणा. तुम्हाला त्याच दिवशी फोनवर एवढंच सांगितलं होतं, दाबू नका. बाकीच्यांसाठी आता सविस्तर लिहिते.

खुडूक कोंबडी घरट्यात पसरून बसते, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते. दिवसातून एखाद्या वेळी उठून घाईघाईने खाते आणि परत जाऊन बसते. ती कुंथत नाही. ठिपकीची ये-जा, खाली पडलेली शेपटी, दाणे नाकारणं, ही अडल्याची लक्षणं. काही जणी चोच उघडी ठेवून धापाही टाकतात.

दाबण्याबद्दल माझा अनुभव सांगते, तो सांगायला मला आवडत नाही. माझ्या एका पांढऱ्या कोंबडीचं अंडं अडलं होतं. बोटांना ते लागत होतं, म्हणून वाटलं, जरासा जोर लावला की येईल. आतल्या आत ‘कट्’ झालं. टरफलाच्या कडा अंडनलिकेला कापतात, आतला बलक पोटात गेला तर दाह आणि संसर्ग होतो. तिसऱ्या दिवशी ती गेली. त्यानंतर मी अडलेल्या कोंबडीला हात लावण्याआधी पाणी तापत ठेवते.

पाणी अंघोळीच्या पाण्यापेक्षा गरम नको. कोपर बुडवून सुखाचं वाटलं पाहिजे, साधारण 38 ते 40 अंश. टबात तिचं पोट आणि मागचा भाग बुडेल इतकंच घ्या. सुरुवातीला फडफडेल, मग बहुतेक जणी चक्क पेंगतात. पंधरा-वीस मिनिटं ठेवा, पाणी निवलं तर बदला. नंतर पिसं अगदी कोरडी करा. ओली कोंबडी गारठली तर केलेलं सगळं वाया. मागच्या द्वारावर पेट्रोलियम जेली हलकेच लावा आणि उबदार, अंधाऱ्या खोक्यात एकटी सोडा. दर पाच मिनिटांनी डोकावू नका, हे मी स्वतःलाच बजावते. तासाभराने पुन्हा एकदा शेक द्यायला हरकत नाही.

दोन-तीन तासांत काही झालं नाही, किंवा ती मान टाकू लागली, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. डॉक्टर कॅल्शियमचं इंजेक्शन देतात, वेळ पडली तर अंडं सुईने रिकामं करून काढतात. कळा आणणारं इंजेक्शन कुणाच्या सांगण्यावरून घरी देऊ नका; वाट मोकळी नसेल तर अंडनलिका फाटते.

मागच्या द्वारातून लालसर, ओलं मांस बाहेर दिसलं, म्हणजे अंग बाहेर आलं, तर तिला आधी बाकीच्यांपासून वेगळी करा. कोंबड्या लाल दिसलं की टोचतात, आणि टोचता टोचता एकमेकींना मारूनही टाकतात.

आता मुळाकडे. तुम्ही पुढच्या पत्रात लिहिलंत की पाचही जणींना नुसतं धान्य आणि घरातलं उरलंसुरलं मिळतं. मला तिथेच उत्तर दिसलं. एक अंडं तयार व्हायला साधारण 24 ते 26 तास लागतात. त्यातले वीसेक तास एकट्या टरफलाला. त्या टरफलात जवळपास दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. धान्यात ते नसल्यातच जमा. मग कोंबडी आपल्याच हाडांतून काढते, आणि अंडं पुढे ढकलायला स्नायू आखडण्यासाठीही तेच कॅल्शियम लागतं. ते आटलं की टरफल मऊ आणि जोर संपलेला. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य आणा, त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. शिवाय शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. जिला हवा ती खाते. वाळूचे खडे म्हणजे शिंपले नव्हेत, ते फक्त दाणे दळायला. आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांना, म्हणजे कोवळ्या कोंबड्यांना, हे खाद्य देऊ नका, मूत्रपिंडं बिघडतात.

तुम्ही खुराड्यात रात्री दिवा ठेवता असंही लिहिलंय. जास्त उजेडाने तलंगा अंगाने भरायच्या आधीच अंड्यावर येतात. तो काढा.

ठिपकीने दुसऱ्या शेकानंतर मऊ टरफलाचं अंडं घातलं, हे वाचून बरं वाटलं. पण आठवडाभर ती काय घालते ते रोज बघा. पुन्हा मऊ आलं किंवा पुन्हा कुंथली, तर आता घरचे उपाय नकोत, थेट डॉक्टर. त्यांनी प्रतिजैविक दिलं तर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे तिथेच विचारून घ्या.