जीवशास्त्र हवे म्हणून गणित सोडावे का?

अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत यंत्रमाग कारखान्यात नोकरी करणारे सोलापूरचे एक पालक लिहितात : "मुलगी बारावी विज्ञानला आहे. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतले आहे. क्लासमधले सर सांगतात, गणित बाजूला ठेवून नीटचीच तयारी करा. मुलगी म्हणते, पेशी ताणली किंवा दाबली तर तिच्या केंद्रकाचे काय होते, यावर मला संशोधन करायचे आहे. असा विषय खरोखर असतो का? आणि त्यावर पोट भरते का?"

सप्रेम नमस्कार.

असा विषय आहे. त्याला मेकॅनोबायॉलॉजी म्हणतात. पेशीचे वर्तन केवळ रसायनांनी ठरत नाही, तिच्यावर पडणारा ताण, दाब आणि भोवतालचा कठीणपणा यांनीही ठरते, हे त्याचे मूळ सूत्र. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पेशीच्या पृष्ठभागाला चिकटवलेले सूक्ष्म मणी काचेच्या अतिबारीक नळीने ओढले, तेव्हा आतले केंद्रकही त्या दिशेला ओढले जाऊन लांबट झाले. म्हणजे बाहेरचा ताण पेशीच्या आतील तंतूंमधून थेट केंद्रकापर्यंत पोहोचतो. केंद्रकाच्या आवरणातील नेस्प्रिन आणि सन ही प्रथिने हा सांधा जोडतात, तर आवरणाच्या आतल्या बाजूला लॅमिन प्रथिनांची जाळी असते. मागावर ताणा कमीजास्त घट्ट झाला की कापडाचा पोत बिघडतो, हे आपण रोज पाहता. लॅमिनच्या जाळीचेही काहीसे तसेच आहे. मेंदूसारख्या मऊ ऊतींत लॅमिन-ए कमी आणि हाडासारख्या कठीण ऊतींत जास्त आढळते. ते बनवणाऱ्या जनुकात दोष असेल, तर सतत ताण सोसणारे स्नायू आणि हृदय यांचे विकार होऊ शकतात. लहान मुलांना अकाली वार्धक्य आणणारा प्रोजेरिया हा आजारही याच जनुकातील दोषामुळे होतो, हे 2003 साली सिद्ध झाले.

आता हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहावे, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. केंद्रक साधारण पाच ते दहा मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीचे असते. सिलिकॉनच्या पट्टीत त्याहून अरुंद, दोन-तीन मायक्रोमीटरच्या वाटा कोरून कर्करोगाच्या पेशींना त्यांतून सरकू देतात. पेशीचा बाकीचा भाग सहज पुढे जातो, केंद्रक मात्र अडकते आणि मध्ये चेपून डंबेलसारखे दिसू लागते. कधी त्याचे आवरण फाटते, डीएनएला इजा होते आणि काही वेळाने आवरण पुन्हा सांधले जाते. पेशी वाढवणे हे जीवशास्त्र झाले. परंतु ती वाट कोरणे, सूक्ष्मदर्शकाखालील शेकडो चित्रांतून केंद्रकाचा आकार मोजणे आणि किती ताणाला आवरण फाटते याचे समीकरण मांडणे, ही सारी कामे भौतिकशास्त्र, गणित आणि संगणक यांची आहेत. म्हणून क्लासमधील सरांचा सल्ला केवळ नीटपुरता ठीक असला, तरी आपल्या कन्येच्या बाबतीत तो मला चुकीचा वाटतो. तिने गणित सोडू नये.

मार्गांविषयी. पहिला मार्ग आयसरचा, म्हणजे विज्ञान शिक्षण व संशोधनासाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थांचा. तेथील पाच वर्षांच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमासाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा असते आणि तीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रश्न येतात. दोन्ही विषय घेतलेल्या मुलीचे पारडे इथे साहजिकच जड. पुण्याचे आयसर सोलापूरहून रेल्वेने काही तासांवर आहे. ते जमले नाही तर सोलापुरातच बीएस्सी करून जॅम परीक्षेद्वारे आयआयटीत एमएस्सीला जाता येते, आणि या मार्गाला दुय्यम समजण्याचे कारण नाही. आयआयटी मुंबईचा जीवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभाग, बंगळुरूचे एनसीबीएस हे जीवविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र, पुण्याचे एनसीसीएस हे पेशीविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र, ही पुढची ठिकाणे. अभियांत्रिकीतूनही या विषयात येता येते. एमबीबीएस झालेले डॉक्टरही संशोधनात येतात, पण केवळ संशोधनासाठी तो लांबचा वळसा घ्यावा असे मी सुचवणार नाही.

पोटाचा प्रश्न आपण स्पष्ट विचारला आहे, तेव्हा उत्तरही स्पष्ट देतो. या विषयात पीएचडीशिवाय स्वतंत्र काम मिळत नाही, आणि बारावीनंतर तिथवर पोहोचायला दहा-अकरा वर्षे धरावीत. मात्र पीएचडीचा काळ विनावेतन नसतो. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. पुढे प्राध्यापकपदे मोजकीच असतात. ती मिळाली नाहीत तरी सूक्ष्मदर्शकातील चित्रांचे संगणकावर विश्लेषण करता येणाऱ्या व्यक्तीला औषध व वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांत काम मिळू शकते, म्हणून तिने पायथॉन ही संगणकाची भाषा पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच शिकावी. घरात लगेच मिळकतीची गरज असेल, तर ही गोष्ट तिच्याशी आताच मोकळेपणाने बोला.

यंदा नीटही द्यायला हरकत नाही. फक्त आयएटीचा अर्ज वेगळा असतो आणि त्याची मुदतही वेगळी असते. नीटचा अर्ज भरला म्हणजे सगळे झाले असे समजून अनेक पालक ती मुदत हुकवतात, तेवढे मात्र सांभाळावे.