वडिलांचा रकाना

"मॅडम, व्हिसासाठीचे कागद जुळत नाहीत. आम्हाला खोटं ठरवतील का?" नवरा अमेरिकेत आणि मुलं सोलापुरात, अशा घरांतून हा प्रश्न माझ्यासारख्या समुपदेशक बाईकडे इतक्यांदा आलाय की बाईने पिशवीतून फाइल काढली की पुढचं वाक्य मला माहीत असतं. बहुतेकदा भानगड साधी असते. बाळंतपण माहेरी, नोंद तिथल्या ग्रामपंचायतीत, नाव पाळण्यातलं. शाळेत घालताना नाव वेगळं आणि जन्मतारीख गुरुजींनी लावलेली 1 जून. आपल्याकडे अर्धा गाव 1 जूनला जन्मतो, हे तिकडच्या साहेबाला कोण सांगणार!

ही बाई मात्र कागदांसाठी आली नव्हती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) नववीतली मुलगी वडिलांचा फोनच घेईना, ही तक्रार. वडील आता तिकडचे नागरिक, मुलीला तिकडे नेण्यासाठी तिचा अर्ज भरायच्या तयारीत.

मुलीला एकटीला बसवलं. बराच वेळ ती ओढणीचं टोक गुंडाळत राहिली. मग मोबाइल काढून जन्मनोंदीच्या उताऱ्याचा फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. वडिलांच्या नावासमोर नुसती आडवी रेघ.

"तुला काय वाटतं, असं का असेल?"

"मी त्यांची नाहीच. म्हणून तर वकील डीएनए टेस्ट म्हणतायत."

आईला विचारलं, तर "ग्रामसेवकाची चूक" असं झटकन उत्तर आलं. पाठ केलेलं उत्तर सरळ येतं, खरं अडखळत येतं. इतक्या वर्षांत एवढं कानाला कळायला लागलंय. मी थांबले. तीन-चार भेटींनंतर ती म्हणाली, "तेव्हा आमचं बोलणं बंद होतं. हे बारशालासुद्धा आले नाहीत. माझ्या वडिलांनी रागाच्या भरात यांचं नावच सांगितलं नाही." लगेच पुढे, "ती नोंद खोडून नवी नाही का करता येत? एक एजंट म्हणतोय, दुसरीकडून ताजा दाखला काढून देतो."

एजंटाचं मी तिथेच तोडलं. व्हिसासाठी खोटा कागद दिल्याचं निघालं तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. आणि खोडायची गरजही नव्हती. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 प्रमाणे निबंधक मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्ती लिहितो, खाली सही आणि तारीख. हे सांगितल्यावर ती गप्प झाली. "म्हणजे जुनं तसंच दिसणार?" "दिसणार. आणि त्याच्या शेजारी खरं काय तेही दिसणार." तिच्या लाजेची गाठ इथे सुटली, असं मला आजही वाटतं. घडलेली गोष्ट माणसाला तेवढी पिळत नाही, तिला आपण लावलेला अर्थ पिळतो, हा माझ्या कामाचा पाया आहे. रेघ एकच होती. आईने तिचा अर्थ लावला अब्रू, मुलीने लावला नकोशी.

शेवटी व्हिडिओ कॉलवर वडिलांना घेतलं. मी आईला एवढंच म्हटलं होतं, प्रतिज्ञापत्रात जे लिहिणार ते आधी हिला सांगा. वडीलच बोलले. "भांडण माझं नि आजोबांचं होतं. तू पाच महिन्यांची होईपर्यंत मी तुला बघितलं नव्हतं. चूक माझी."

मुलीने विचारलं, "मग टेस्ट कशाला?"

"मला शंका नाही बाळा. कागद अपुरा आहे म्हणून."

ती रडली, चिडली, दोन दिवस आईशीही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फोन तिने लावला.

असाच घोळ असलेल्यांना सांगते: घाबरून कागद लपवू नका, तफावत आपणहून लिहून द्या. जन्म घरी झाला असेल तर ज्यांनी तो डोळ्यांनी पाहिला अशा दोघांची प्रतिज्ञापत्रं घ्या. या मुलीच्या बाबतीत आजी आणि सुईण होत्या. उशिरा केलेल्या नोंदीवर तिकडे फारसा भरवसा ठेवत नाहीत, म्हणून लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीची नोंद, जे जुनं सापडेल ते जोडा. शाळेच्या जनरल रजिस्टरातली दुरुस्ती मूल शाळेत असतानाच करा. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की फार अवघड जातं. डीएनए चाचणी अधिकाऱ्यांनी सुचवली तर त्यांनी सांगितलेल्या पद्धतीनेच, मान्यताप्राप्त लॅबमधून. ऑनलाइन किट मागवून पैसे घालवू नका. मंजुरी येईपर्यंत मूल 21 ओलांडेल अशी धास्ती असेल तर हे लक्षात ठेवा: आई किंवा वडील अमेरिकेचे नागरिक असतील आणि अर्ज दाखल होतो त्या दिवशी मूल 21 च्या आतलं, अविवाहित असेल, तर वय त्या दिवसाचंच धरतात. प्रत्येक मुलाचा अर्ज मात्र वेगळा. बाकी बारकावे वकिलाला विचारा, ते माझं काम नाही.

आणि वकिलाकडे जायच्या आधी मुलांशी बोला. दहा-बारा वर्षांच्या मुलाला आई-वडिलांच्या भांडणाची गोष्ट झेपते. मोबाइलवर अचानक सापडलेली रेघ नाही झेपत.

समासातली दुरुस्ती झाली, अर्जही गेला. मुलगी आता दहावीत आहे आणि व्हिसाची मुंबईतली मुलाखत नेमकी बोर्डाच्या पेपरात येऊ नये, एवढंच तिचं म्हणणं आहे.