अडलंय कुठे, ते विचारा

एका आईचं पत्र आलंय. थोडं संक्षिप्त करून देते.

"मुलगा दहा वर्षांचा आहे. डोंगर चढणाऱ्या मुलीचा 'सेलेस्ट' नावाचा गेम आहे, त्यात तो सारखा मरतो. परवा एकाच जागी पाऊण तास अडला होता. शेवटी रडला, कंट्रोलर सोफ्यावर आपटला आणि पाच मिनिटांनी पुन्हा तिथेच जाऊन बसला. नवरा म्हणतो, खेळायचंच असेल तर सोपं काहीतरी खेळू दे, एवढा मनस्ताप कशाला? आजोबा व्हिडिओ कॉलवर म्हणतात, बंदच करा ते. मला मात्र वेगळंच खुपतंय. हाच मुलगा आजोबांशी मराठीत वाक्य सुरू करतो आणि एक शब्द अडला की इंग्रजीत शिरतो, नाहीतर फोन माझ्या हातात देऊन निघून जातो. गेममध्ये शंभरदा हरायला तयार आणि इथे एकदाही नाही. आमचं काय चुकतंय?"

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठीच हे पत्र निवडलं. त्याचं उत्तर बरंचसं त्या गेममध्येच आहे, म्हणून आधी गेमबद्दल बोलते.

सेलेस्ट २०१८ साली आला. मॅडलिन नावाची मुलगी एक अवघड डोंगर चढायला निघते आणि वाटेत तिला स्वतःच्याच भीतीशी झगडावं लागतं, अशी गोष्ट आहे. माझ्या मुलीच्या शेजारी बसून मी तो शेवटपर्यंत पाहिलाय, थोडा खेळलेही आहे. लांबून बघणाऱ्याला तो निर्दय वाटतो: उडी चुकली की काटे, काटे लागले की संपलं. पण हातात कंट्रोलर घेतला की दुसरीच बाजू कळते. मेल्यावर सेकंदाभरात तुम्ही त्याच छोट्या स्क्रीनच्या सुरुवातीला परत उभे असता. मागचे कष्ट वाया जात नाहीत, कुणी रागावत नाही, वाट बघावी लागत नाही. किती वेळा मेलात याचा आकडा गेम मोजतो, आणि सुरुवातीच्या भागातच एक पोस्टकार्ड दाखवून सांगतो की या आकड्याचा अभिमान बाळगा, कारण जितके जास्त मराल तितकं जास्त शिकताय. आणखी एक गोष्ट खेळणाऱ्याला सहसा कळतही नाही. पाय कड्यावरून सुटल्यानंतरही क्षणाच्या छोट्याशा अंशात उडीचं बटण दाबलं, तर गेम ती उडी मान्य करतो. बनवणाऱ्यांनी अशा कितीतरी सवलती मुद्दाम आत ठेवल्या आहेत. उडी कठीण आहे, पण गेम मुलाच्या बाजूने आहे.

तुमचा मुलगा आपटाआपट करून पाच मिनिटांत परत गेला, कारण आपण का मेलो हे त्याला माहीत होतं. उडी अंमळ लवकर मारली, किंवा वर जाताना हात सुटला. कठीण गेम चांगला की वाईट हे पारखायला मी हाच एक प्रश्न वापरते: हरल्यावर मुलाला सांगता येतं का, कशामुळे हरलो? सांगता येत असेल, तर तो रडत असला तरी शिकतोय. "काय माहीत, गेमच फालतू आहे" एवढंच उत्तर आठवडाभर येत राहिलं, तर गेम त्याच्या वयाच्या पुढचा आहे किंवा खरोखरच नीट बनवलेला नाही.

अवघडपणाची गंमत या खेळांच्या जन्मापासूनच लक्षात आलेली आहे. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवला, तेव्हा पडद्यावरचे परग्रहवासी मारले जाऊन कमी झाले की उरलेले आपोआप जोरात पळू लागत, कारण यंत्राला कमी आकृत्या काढाव्या लागत. ती यंत्राची मर्यादा होती, पण निशिकादोंनी ती तशीच ठेवली. खेळणाऱ्याचा हात बसत जातो तसा खेळही वेग घेतो, हे त्यांना आवडलं. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची पहिली स्क्रीनही अशीच. एक शब्द न लिहिता ती शिकवते: समोरून एक छोटा शत्रू चालत येतो, पहिल्यांदा तुम्ही त्याला धडकून मरता, दुसऱ्यांदा उडी मारता. दोन प्रयत्नांत धडा पूर्ण.

मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक अशा लोकांना विचारलं होतं की पैसा मिळत नसताना तुम्ही इतके कष्ट का घेता. त्यातून त्याने मांडलं ते थोडक्यात असं: काम कुवतीपेक्षा फार अवघड असेल तर माणूस घाबरतो, फार सोपं असेल तर कंटाळतो, आणि या दोन्हींच्या मधल्या अरुंद पट्ट्यात तो देहभान विसरतो. तुमच्या नवऱ्याच्या प्रेमळ सूचनेत अडचण आहे ती इथे. सोपा गेम दिला तर रडणं थांबेल, पण मुलगा त्या पट्ट्यातून बाहेर पडेल. मग तो गेम तासन्‌तास चालू राहील, हात हलत राहतील आणि डोकं झोपलेलं असेल. मला विचाराल तर काळजी त्याची करावी.

दुसऱ्या एका प्रकारच्या अवघडपणाची तर फारच काळजी करावी. फोनवरच्या बऱ्याच फुकट गेममध्ये अवघडपणा मुलाला शिकवण्यासाठी नसतो, खिशात हात घालायला लावण्यासाठी असतो. २०१२ साली आलेल्या 'कँडी क्रश सागा'ची रचना बघा: पाच लाइफ, त्या संपल्या की एक लाइफ परत यायला अर्धा तास, नाहीतर पैसे भरा. तिथे अडलेलं मूल सराव करून पुढे जाऊच शकत नाही, कारण सराव करायलाच बंदी आहे. ही पायरी नव्हे, भिंत आहे आणि तिच्या दाराला तिकीट आहे. पैसे भरून नशिबाची पेटी उघडायची, या प्रकाराला बेल्जियमने २०१८ मध्ये जुगार ठरवलं. अमेरिकेत २०२२ मध्ये 'फोर्टनाइट'च्या कंपनीने ग्राहकांना, त्यात मुलंही आली, नको असलेल्या खरेदीत ढकलल्याच्या आरोपावरून २४.५ कोटी डॉलर परत करायचं मान्य केलं. तेव्हा गेम निवडताना आधी बघा की तो कमावतो कसा. एकदाच विकत घ्यायचा गेम मुलाला अडवून काही मिळवत नाही. वेष्टनावर किंवा स्टोअरच्या पानावर वयाच्या खुणेसोबत गेममधल्या खरेदीचीही सूचना असते, ती वाचा. आणि खरेदीचा पासवर्ड फक्त मोठ्यांकडे ठेवा.

आता सोप्या मोडबद्दल, म्हणजे खेळ सोपा करणाऱ्या सेटिंगबद्दल. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे मुलाला घरातूनच कळायला हवं. सेलेस्टमध्ये मदतीचा वेगळा मोड आहे: खेळाचा वेग कमी करता येतो, कड्याला धरून राहण्याची ताकद न संपणारी करता येते, अगदी मरणंही बंद करता येतं. काझुहिसा हाशिमोतो 'ग्रेडियस' नावाच्या गेमवर काम करत होते, तेव्हा तपासणीसाठी तो पूर्ण खेळणं त्यांनाच जमेना. म्हणून त्यांनी खेळ सोपा करणारा बटणांचा एक गुप्त क्रम त्यात घातला. तोच क्रम पुढे 'कोनामी कोड' म्हणून जगभर पोहोचला. बनवणाऱ्यालाही शिडी लागते, हे ऐकून माझ्या मुलीचा चेहरा केवढा खुलला होता! याउलट 'सेकिरो' या २०१९ च्या गेममध्ये अवघडपणा कमी करण्याचा पर्यायच नाही आणि त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्कृष्ट गेमचा मान त्यालाच मिळाला. त्यावर मोठी माणसं आजही हिरिरीने वाद घालतात. मोठ्यांच्या बाबतीत मी निर्मात्याचा आग्रह समजू शकते. मुलांच्या बाबतीत शिडी हाताशी हवी, असंच माझं मत आहे. ज्या मुलांना बोटांची हालचाल जड जाते त्यांच्यासाठी तर ती हवीच. २०१८ पासून मोठ्या बटणांचे, हवे तसे स्विच जोडता येणारे कंट्रोलरही मिळतात.

मात्र शिडी लावायची की नाही, हे त्याने ठरवायचं. बाबांनी सेटिंगमध्ये जाऊन गुपचूप वेग कमी केला, किंवा "दे इकडे, मी करून देतो" म्हणत ती उडी स्वतः मारून दिली, तर मुलाला एकच निरोप पोहोचतो: तुझ्याने होणार नाही. त्यापेक्षा एकदा शांतपणे दाखवून ठेवा की मदत या पानावर आहे, आणि तो विषय तिथेच सोडा.

रडण्याबद्दल थोडं. कंट्रोलर आपटायचा नाही, हा नियम ठाम ठेवा. रडायचं नाही, असा नियम करू नका. वेळेच्या बाबतीत घड्याळाऐवजी प्रयत्न मोजून बघा. "अजून दहा मिनिटं" हे अडलेल्या मुलाला अन्यायाचं वाटतं, कारण मधल्या प्रयत्नात तोडावं लागतं. "अजून दहा प्रयत्न" म्हटलं की तो स्वतः मोजतो आणि प्रत्येक प्रयत्न जपून करतो. दहा झाले की बंद, मग जागा सुटलेली असो वा नसो. आमच्या घरी रात्री अडलेली जागा सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेत सुटल्याचं मी कितीदा पाहिलंय. आजोबांच्या मनात व्यसनाची भीती असणार. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराची व्याख्या केली आहे: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळाला वरचं स्थान देणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, आणि हे साधारण वर्षभर टिकणं. तुमच्या पत्रात यातलं काही मला दिसलं नाही.

आजोबांना एक गोष्ट मात्र जरूर सांगा. १९८९ साली घरच्या कन्सोलवर 'टेट्रिस' आला, वरून पडणारे तुकडे नीट रचत जाण्याचा खेळ. त्याच्या २९ व्या लेव्हलला तुकडे इतक्या वेगाने पडतात की बटण दाबून ठेवून ते बाजूला नेता येत नाहीत. वर्षानुवर्षं सगळे समजत होते की माणसासाठी खेळ तिथे संपतो. मग काही खेळाडूंनी कंट्रोलर धरायची पद्धतच बदलली: बटणावर एक बोट ठेवून, मागच्या बाजूने बाकीची बोटं एकापाठोपाठ आपटायची. ही युक्ती त्यांनी एकमेकांना शिकवली. २१ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेतला १३ वर्षांचा एक मुलगा १५७ व्या लेव्हलपर्यंत गेला आणि गेमच गोठून बंद पडला. माणसाने तो खेळ असा संपवण्याची ती पहिली वेळ होती.

आता मराठीचं. तुमचा मुलगा हरायला घाबरतो असं मला वाटत नाही. दोन ठिकाणचं हरणं वेगळं आहे. गेममध्ये तो एकटा चुकतो, कळण्याजोगी एकच चूक होते आणि सेकंदात दुसरी संधी मिळते. कॉलवर चार मोठी माणसं चेहऱ्याकडे बघत असतात. तो "माझा आजी" म्हणतो आणि सगळे कौतुकाने हसतात. मायेनेच हसतात, पण त्याला ऐकू येतं ते हसणं. मग कुणी लिंग सुधारतं, कुणी ळ चा उच्चार, कुणी म्हणतं "आता पूर्ण वाक्य म्हण". आणि पुढची संधी? पुढच्या रविवारी. असा गेम असता तर त्याने तो कधीच पुसून टाकला असता.

तेव्हा आजोबांशी आधी वेगळं बोलून घ्या. कॉल दोघांचाच असू द्या, तुम्ही खोलीतून बाहेर जा. रविवारी तासभर बोलण्यापेक्षा रोजची चार मिनिटं बरी. नातू अडला की आजोबांनी मनात दहा आकडे मोजायचे, आणि तरीही नाहीच आलं तर फक्त अडलेला शब्द द्यायचा, अख्खं वाक्य नाही. हसायचं नाही, आणि ती चूक मावशीला सांगायची तर अजिबात नाही. मदतीचा मोड इथेही असू द्या: वाक्य मराठी, अडलेला शब्द इंग्रजी चालेल. तो मोड कधी बंद करायचा हे त्याचं तोच ठरवेल.

विषयही बदला. "अभ्यास काय म्हणतो" या प्रश्नाला कोणत्याही भाषेत "बरा आहे" एवढंच उत्तर येतं. आजोबांनी विचारावं, आज डोंगरात कुठे अडलास? या विषयात आजोबांपेक्षा त्याला जास्त कळतं, त्यामुळे समजावून सांगायची गरज खरी आहे. लागणारे शब्दही आटोपशीर आहेत: कडा, काटे, उडी, वारा, पीस, घसरलो, लटकलो, पडलो. हवं तर हे शब्द कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवा. आजोबांना चित्र दिसत नसेल तर ते विचारतील, काटे वर आहेत की खाली, वारा कुठून येतो? तो उत्तर शोधेल. पहिल्या दिवशी तीनच शब्द आले तर तीनच. आजोबांनी ते कुठेतरी टिपून ठेवावेत, आणि दुसऱ्या दिवशी फोन लागल्यावर पहिला प्रश्न तिथूनच करावा: काल त्या काट्यांपाशी होतास ना रे, पुढे काय झालं?