दुकानाचा फोटो हटव, कढईचा लाव

प्रिय मुली,

तुझा निरोप वाचला आणि तुझ्या व्हिजन बोर्डाचा, म्हणजे स्वप्नांची चित्रं लावलेल्या त्या फळीचा, फोटो मोठा करून नीट बघितला. चित्रं मोजली, चौतीस भरली. तुझी शेवटची ओळ मात्र मनातून जात नाही: "ताई, सहा महिने रोज सकाळी बघते, काहीच हललं नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?"

नाही गं. विश्वासाचा इथे संबंधच नाही. जो कुणी तुला विश्वास वाढव म्हणेल, त्याचं ऐकू नकोस, कारण ते ऐकून तू आणखी सहा महिने भिंतीकडे बघत बसशील. चूक बोर्डाच्या मांडणीत आहे, आणि मांडणी एका रविवारी दुपारी बदलता येते.

एकच गोष्ट सांगते आणि ती पत्रभर सांगत राहणार आहे. चित्राने हाताला काम सांगितलं पाहिजे. जे चित्र बघून उद्या सकाळी उठल्यावर हातात काय घ्यायचं हे कळत नाही, ते व्हिजन बोर्डावर नको.

तुझी चित्रं बघ. दादरच्या रस्त्यावरचं काचेचं दुकान, समुद्र दिसणारी बाल्कनी, पळणाऱ्या बाईची पाठ, नोटांचं बंडल, विमान. यातलं एकही चित्र तुला काम सांगत नाही. सगळी मुक्कामाची चित्रं आहेत, वाटेचं एकही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत लिएन फाम आणि शेली टेलर यांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला, तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. परीक्षेआधीचे काही दिवस एका गटाने रोज उत्तम गुण मिळाल्याचं चित्र मनात आणायचं, दुसऱ्याने आपण अभ्यास करतोय हे चित्र आणायचं. कधी बसलो, कुठे बसलो, समोर कोणतं पुस्तक आहे, हे सगळं. दुसरा गट अभ्यासाला लवकर लागला आणि त्याला गुणही जास्त मिळाले. गाब्रिएले ओटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंचं कामही याच दिशेचं आहे. नुसत्या गोड कल्पनेत रमलं की शरीर सैलावतं, अंगातला जोर उतरतो. जणू ते काम होऊनच गेलं. तुझं नेमकं हेच झालंय. रोज सकाळी दुकानाचा फोटो बघून तुला बरं वाटलं, आणि त्या बऱ्या वाटण्यातच सकाळ संपली.

आता तुझ्या भाजणीच्या धंद्याचा हिशोब. तूच कळवलंस की अर्ध्या किलोच्या पाकिटामागे धान्य, गॅस, दळण, पाकीट, लेबल सगळं वजा जाऊन ६० रुपये हातात राहतात. महिन्याला ३० हजार हवेत, म्हणजे ५०० पाकिटं. महिन्याचे कामाचे दिवस २५ धर, म्हणजे दिवसाला २० पाकिटं, १० किलो भाजणी. घरच्या कढईत नीट भाजायचं तर एका वेळी किलोभरच, जास्त टाकलं की खालचं करपतं आणि वरचं कच्चं राहतं. म्हणजे रोज दहा घाणे. घाण्याला पंधरा मिनिटं धरली तरी अडीच तास फक्त कढईपाशी. मग पसरून गार करणं, गिरणीत नेणं, पीठ पुन्हा गार करणं, भरणं, सील करणं. हे एवढं सगळं दुकानाच्या त्या एका चमकदार फोटोमागे लपून बसलं होतं. आता सांग, बोर्डावर दुकान हवं की कढई?

सध्या तू महिन्याला १२० पाकिटं विकतेस, म्हणजे दिवसाला जेमतेम पाच. तेव्हा ५०० हा आकडा बोर्डाच्या मागच्या बाजूला लिहून ठेव. समोर फक्त पुढची पायरी: दिवसाला ८ पाकिटं, दोन महिन्यांत. आठ जमली की बारा. वीसचा आकडा रोज समोर ठेवलास तर पाच भरल्याच्या दिवशीही तुला हरल्यासारखंच वाटेल, आणि हरल्यासारखं वाटणारी माणसं बोर्डाकडे बघणं सोडतात. माझ्या बघण्यात बोर्ड सगळ्यात जास्त मरतात ते इथे.

बांधणी सांगते, ती तंतोतंत कर. थर्माकोल घेऊ नकोस. टाचणी धरत नाही, चुरा पडतो, आणि सजावटीचं थर्माकोल २०१८च्या बंदीत आलंय. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटला स्टेशनरीची दुकानं आहेत, किंवा कन्नमवार नगरातल्या कुठल्याही फ्लेक्स छापणाऱ्याकडे विचार. ५ मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड, म्हणजे फोमची हलकी फळी, २४ बाय १८ इंच. त्याहून मोठा नको, तुमच्या खोलीत तो भिंत खाईल आणि मोकळी जागा दिसली की तू ती भरशील. फोटोंना फेव्हिकॉल लावू नकोस, ओलाव्याने कागद फुगतो आणि सुरकुत्या पडतात. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, चारही कडांना. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर पावसाळ्यात तिथे काहीही टिकणार नाही, आतल्या भिंतीला लाव. टीव्हीशेजारी नको, पलंगासमोर नको. ओट्यासमोर, डोळ्यांच्या उंचीला, कढईपासून हातभर लांब. काम जिथे होतं तिथेच कामाचं चित्र हवं.

बोर्डाचे आडवे तीन पट्टे कर. वरच्या पट्ट्यात पाच चित्रं, सहावं नाही. तीन धंद्याची, दोन घरची. ही पाचही तुझ्या मोबाइलने काढलेली हवीत: तुझी कढई, तुझा वजनकाटा, तुझ्या लेबलचं पाकीट. नेटवरून उतरवलेलं दुकान दुसऱ्या कुणाचं तरी असतं, त्यातल्या एकाही वस्तूला तुझा हात लागलेला नसतो. मधल्या पट्ट्यात प्रत्येक चित्राखाली एक आकडा आणि एक तारीख. खालचा पट्टा कोराच ठेव, तो महिन्याच्या हिशोबाचा. पंचवीस चौकोनांचा कागद टेपने लाव, ज्या दिवशी आठ पाकिटं भरली त्या दिवशी फुली. महिना संपला की कागद बदलायचा, बोर्ड नाही.

आणि एक चिठ्ठी अडथळ्यांची. ही सगळे गाळतात, कारण सुंदर बोर्डावर अडचण लिहायला जीव होत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी ज्यावर भरपूर काम केलं ती ही साधी रीत: "असं झालं तर मी असं करीन." गिरणी बंद असली तर दुसऱ्या गिरणीत सकाळी नऊच्या आत. पाऊस लागून राहिला तर त्या दिवशी दळण नाही, फक्त भाजणं आणि हवाबंद डब्यात भरणं, कारण पीठ सादळतं. पीठ गरम असताना भरलं तर पाकिटाला आतून घाम येतो, म्हणून ताटात पसरून गार झाल्याशिवाय सील नाही. तुझ्या पाकिटांना वास येतो म्हणून दोन गिऱ्हाइकांनी परत केली म्हणालीस ना? मला तरी कारण हेच वाटतं. सहा महिने तू समुद्राची बाल्कनी बघत होतीस, त्या जागी ही चिठ्ठी असती तर ती पाकिटं परत आली नसती. रागावते आहे, कळतंय मला. पण हे कुणीतरी बोलायला हवं होतं.

कागदपत्रांचीही चित्रं होतात. अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा १४ अंकी नंबर लेबलवर आला की त्या लेबलचा फोटो बोर्डावर, आधीच्या पाकिटाच्या जागी. उद्यमची, म्हणजे छोट्या उद्योगाची, नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नकोस. गुमास्त्याचं, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचं म्हणशील तर तुझ्यासारख्या मोजक्या माणसांच्या जागेला नुसती माहिती कळवावी लागते. कर्जाचा विचार आत्ता नको. आठ पाकिटं सलग दोन महिने झाल्यावर मुद्रा योजनेतलं ५० हजारांपर्यंतचं शिशु कर्ज बघू, तेही मोठ्या कढईसाठी, दुकानाच्या डिपॉझिटसाठी नाही.

घराचं चित्र. तुला ते काढायला जीवावर येईल, म्हणून आकडा देते. ६० लाखांचं घर धर. त्याला बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे १२ लाख आपले. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर ५, म्हणजे ३ लाख. नोंदणी फी ३० हजार. एकूण १५ लाख ३० हजार. महिन्याला १२ हजार बाजूला टाकलेस तर व्याज न धरता साडेदहा वर्षं लागतात. वाचून पोटात गोळा आला असेल. येऊ दे. निदान आता ते चित्र खरं बोलायला लागलं. बाल्कनीच्या जागी आवर्ती ठेवीच्या पासबुकाचं पहिलं पान लाव, आणि म्हाडाच्या सोडतीसाठी डोमिसाइल आणि उत्पन्नाचा दाखला तयार आहेत की नाहीत ते खाली लिही. हे दोन कागद या महिन्यात काढता येतात. चित्राने हाताला काम सांगितलं पाहिजे, आणि तहसीलच्या रांगेत उभं राहणं हेही कामच आहे.

पळण्याचं सोपं आहे. बाईची पाठ काढ, बुटांचा फोटो लाव. मंगळवार, गुरुवार, रविवार. शिवाजी पार्कची फेरी सव्वा किलोमीटरला जराशी कमी पडते. रविवारी तिकडे जाशील तेव्हा दोन फेऱ्या, चालत. पुढच्या महिन्यात तीन.

बोर्डाची रील टाकलीस, ती आता पुरे. आपला बेत लोकांनी बघितला, वाहवा केली की अर्धं काम झाल्याचं समाधान मिळतं, हेही गॉलविट्झर यांनी २००९ साली दाखवलं. दाखवायचाच असेल तर फुल्यांचा कागद दाखव, तोही महिना भरल्यावर.

मला लोक कोरडी म्हणतात. मुलींच्या स्वप्नांचे जमाखर्च मांडते म्हणतात. मांडते, आणि मांडत राहणार. सुंदर चित्रांकडे बघण्यात माझीही वर्षं गेली आहेत, त्या वर्षांत हाताने काय केलं असं कुणी विचारलं तर सांगायला फार थोडं आहे. माझ्या हट्टाचं मूळ तिथे आहे. तू चोविशीची आहेस, तुझी वर्षं तशी जाऊ नयेत, इतकंच मला हवं आहे. माझा सूर टोचला तर टोचू दे, पण बोर्ड बदल.

दर रविवारी वीस मिनिटं त्याच्यासमोर पेन घेऊन बस. एक तरी गोष्ट हलव, आकडा बदल, चित्राची जागा बदल. रोज तेच दिसलं की दोन-तीन आठवड्यांत डोळा त्याला भिंत समजायला लागतो.

उतरवलेली चित्रं फेकू नकोस. लखोट्यात घाल आणि बोर्डाच्या मागे टेपने लाव, पाडव्याला उघडून बघ. फक्त एक चित्र लखोट्यात जाणार नाही. खाली उजव्या कोपऱ्यात विमानाखाली अर्धा झाकलेला तुझ्या आजीचा फोटो आहे, परातीत हात घातलेला. चौतिसांत तेवढ्याच एका चित्रात कुणीतरी काम करतंय. तो वर आण, कढईच्या शेजारी, पाचांत तो मोजू नकोस. मूळ फोटो चिकटवू नकोस, स्टुडिओतून कॉपी काढ आणि लॅमिनेट करून घे. ओट्यासमोर वाफ लागते.

तुझी,
ताई