एका वर्षात तीन राजे

प्रश्न : मलेशियाचा राजा पाच वर्षांसाठी निवडला जातो, असे वाचले होते. मात्र राजांच्या यादीत १९६० या एकाच सालासमोर तीन नावे दिसली. त्यांपैकी सेलांगोरचे सुलतान हिसामुद्दीन आलम शाह यांची कारकीर्द जेमतेम साडेचार महिन्यांची आहे. त्यांना पदच्युत केले होते काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पदच्युत ते झाले होते, पण अठरा वर्षे आधी आणि जपान्यांच्या हातून. १९६० मधील कारण निव्वळ मृत्यूचे आहे. मलायाचे (आजच्या मलेशियाचा मूळ भाग) नऊ वंशपरंपरागत राजे गुप्त मतदानाने आपल्यातूनच संघराज्याचा राजा निवडतात. पहिले राजे, नेगेरी सेंबिलानचे तुआंकू अब्दुल रहमान, १ एप्रिल १९६० रोजी वारले आणि १४ एप्रिलला हिसामुद्दीन त्या पदावर आले. १९४८ पासून कम्युनिस्ट बंडामुळे लागू असलेली आणीबाणी त्यांच्याच काळात, ३१ जुलैला, अधिकृतपणे उठली. १ सप्टेंबरला त्यांचा राज्यारोहण समारंभ ठरला होता आणि नेमके त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी पर्लिसचे राजे सय्यद पुत्रा निवडले गेले.

खरी गुंतागुंत आहे ती सेलांगोरच्या गादीची. १८९८ मध्ये जन्मलेले हिसामुद्दीन हे सुलतान सुलेमान शाह यांचे तिसरे पुत्र. युवराज होते थोरले बंधू तेंगकू मुसा एद्दीन. ब्रिटिश रेसिडेंट (दरबारातील ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी) थिओडोर अ‍ॅडम्स यांनी गैरवर्तनाचा ठपका ठेवून १९३४ मध्ये त्यांचे युवराजपद काढून घ्यायला लावले. ते साहेबांच्या मुठीत राहिले नाहीत हाच त्यांचा गुन्हा, असे सेलांगोरात अनेकांचे मत होते, आणि ते अगदीच निराधार वाटत नाही. वृद्ध सुलतानांनी थेट लंडनपर्यंत दाद मागितली, पण उपयोग झाला नाही. दुसऱ्या मुलालाही डावलून १९३६ मध्ये हिसामुद्दीन युवराज झाले आणि १९३८ मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर सुलतान. ब्रिटिशांनी पदच्युत केलेल्या बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांची हकिगत ठाऊक असलेल्या वाचकांना रेसिडेंटची ही ताकद नवी वाटणार नाही.

१९४२ मध्ये जपानी सैन्य आले आणि हा निवाडा उलटा फिरला. युद्धकार्यात ब्रिटिशांच्या बाजूने भाषणे का केली, असे लष्करी अधिकाऱ्यांनी विचारले, तेव्हा रेसिडेंटच्या आग्रहावरून ती केली, असे सुलतानांनी सांगितले. तरीही राजचिन्हे थोरल्या भावाच्या हवाली करण्याचा हुकूम सुटलाच. पुढे जपान्यांनी देऊ केलेला तनखा मात्र त्यांनी नाकारला. १९४५ मध्ये ब्रिटिश परतताच हिसामुद्दीन पुन्हा गादीवर बसले, तर मुसा एद्दीन यांची रवानगी हिंदी महासागरातील कोकोस बेटांवर झाली. तेथून ते आजारी अवस्थेत मायदेशी आले आणि १९५५ मध्ये वारले.

हिसामुद्दीन यांना दोनदा गादी मिळाली ती ब्रिटिशांमुळे, एकदा गेली ती जपान्यांमुळे. स्वतःच्या बरोबरीच्या राजांनी त्यांना संघराज्याचा राजा म्हणून निवडले ते १९६० मध्ये. त्यांचे पुत्र सलाहुद्दीन १९९९ मध्ये देशाचे अकरावे राजे झाले. तेही मुदत संपण्यापूर्वीच, २००१ मध्ये, निवर्तले.